बसल्या माणसाला उठवायचं न्हाय

कसबा बावड्याच्या नीलव्वावर अन्याय झाला तो गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी, ऊन अंगावर यायच्या आत. तांब्याभर पाणी आणि बेलाची पानं घेऊन ती नवऱ्याच्या समाधीकडं निघाली होती. वाटेवर आदल्या सोमवारपर्यंत बाभळीचं कुंपण होतं, तिथं आता निळे पत्रे ठोकलेले. पत्र्यांना फाटक, फाटकाला कुलूप, कुलपाशी वॉचमन. जागा बिल्डर शेठची आहे म्हणाला. ती जागा लिंगायतांच्या दफनाची, नीलव्वाच्या सासऱ्याच्याही आधीपासूनची. शेठनं भोवतालची शेतं विकत घेतली आणि मधला हा तुकडा न विचारताच आपल्यात धरला. पत्र्यावर फ्लॅटची जाहिरातही लावली होती: ‘शांत परिसर.’ जाहिरातीतलं तेवढं एकच खरं.

दुसरी कोणी असती तर रडत परतली असती. नीलव्वानं पाणी फाटकाच्या पायथ्याशी ओतलं, बेल ठेवला, चिमटीत विभूती घेतली आणि पत्र्यावर तीन बोटं आडवी ओढली. मग दर सोमवारी तेच. वॉचमन पुसायचा, ती परत ओढायची. “पूस बाबा, पुसणाऱ्याला बी पुण्य लागतंय,” असं ती त्याला इतक्या मनापासून सांगायची की शेवटी त्यानं पुसणं सोडून दिलं.

मी तिच्याकडं गेले ती आमच्या संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन. ‘पूर्वजांच्या राखेवर टॉवर उभा राहू देणार नाही’ असा माझा मथळा होता आणि मला तो फार आवडला होता. ती कडक भाकरी थापत होती. भाकरी आणि शेंगाची चटणी विकून ती आपला खर्च भागवायची, आणि कोणी भाकरी दाबून बघितली की त्याला उंबऱ्यावरूनच हाकलायची. तिनं मला पत्रक मोठ्यानं वाचायला लावलं. ऐकून म्हणाली, “राख तुमची गं पोरी. आमची माणसं बसल्यात.”

मी गडमुडशिंगीच्या शेतकरी घरातली. आमच्यात जाळतात, राख सावडतात, नदीत सोडतात आणि घरी येतात. तिच्यात माणूस गेला की त्याला न्हाऊ घालून मांडी घालून बसवतात, तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात, विभूती लावतात आणि तसाच, बसलेलाच, मातीत ठेवतात. म्हणजे तिच्या हिशेबी तिचा नवरा शिवाप्पा गेला नव्हता. बसला होता. त्याला ठेवताना तिनं शेजारी एका माणसापुरती जागा सोडायला लावली होती. “एस्टीत रुमाल टाकून जागा धरत्यात न्हवं? तसा धरून बसलाय माझ्यापायी,” असं ती सांगायची आणि स्वतःच हसायची. मूल-बाळ नव्हतं. तिला जगाकडून दुसरं काही नको होतं. मेल्यावर त्या जागेवर जाऊन बसायचं, एवढंच.

आमची निवेदनं सुरू झाली. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, कोण कुठं पुरलंय याचा पुरावा काय? मी कलमं सांगायला तोंड उघडलं, तर ही पुढं होऊन म्हणाली, “पावणं, चुकलंच बघा. मातीत घालताना हातात सातबारा द्याचा ऱ्हायला.” शिपाई हसला. साहेब हसले नाहीत. पुढची तारीख दिली, तिच्याही पुढची दिली. परत येताना मी संतापले होते. ही माणसं आपल्याला मरेपर्यंत फिरवतील, काही होणार नाही, असं म्हणाले. ती वडापच्या जीपमध्ये खिडकीची जागा मिळाल्यामुळं खुशीत होती.

“त्या पत्र्याला फाटक हाय का न्हाय?” तिनं विचारलं. “भिताड असतं तर म्या बी घरात बसलो असतो. दार केलंय म्हंजी कोण तरी आत जाणार हाय. मग म्या का न्हाय?”

मला तेव्हा हे भाबडं वाटलं. आता वाटत नाही. आशा म्हणजे गोड बोलणं नसतं, ती दर सोमवारी उठून चालत जायची गोष्ट असते.

मग शेठनं शहाणपणा केला. मठात बैठक बोलावली आणि प्रस्ताव ठेवला: सगळ्यांचे अवशेष सन्मानानं काढू, दुसरीकडं संगमरवरी समाध्या बांधू, वर समाजाला हॉल देऊ. माना डोलल्या. नीलव्वाच्या पुतण्यानं, बसवराजनं, सगळ्यांसमोर हात वर केला. ती त्याच्याच घरी राहायची. तो शिरोली एमआयडीसीत लेथवर आहे. माणूस वाईट नाही. पण आदल्या आठवड्यात मालकानं त्याला केबिनमध्ये बोलावून काकीला आवर म्हणून सांगितलं होतं. मालक आणि शेठ एकाच ताटात जेवणारे. “काका कुठं बी असलं तरी काकाच की, काकी,” तो खाली मान घालून म्हणाला.

नीलव्वा उठली. आवाज चढवला नाही. “जेवत्या माणसाला आन् बसल्या माणसाला उठवायचं न्हाय. येवढं बी शिकिवलं न्हाय व्हय म्या तुला?”

बैठक तिथंच मोडली. घरात दोघांचं बोलणं बंद झालं. डबा मात्र ती रोज भरत होती आणि तो रोज नेत होता.

शेठनं हॉलचं नाव काढणं सोडलं आणि सरळ जेसीबी पाठवला. बातमी कळून मी पोचले तेव्हा नीलव्वा फाटकात वॉचमनच्याच खुर्चीवर बसलेली, समोर यंत्राचा दातेरी हात, तिच्या डोक्याच्या वर, इंजिन चालू. शेठचा मॅनेजर ड्रायव्हरला म्हणत होता, घे पुढं, म्हातारी आपोआप उठेल. आम्ही सातआठ जणच होतो. माझ्या तोंडातून एक घोषणा फुटेना. तेव्हा ती वर बघून ड्रायव्हरशी कानडीत बोलली. एकच वाक्य. तो पंचविशीतला, सीमेपलीकडचा. त्यानं तिच्याकडं बघितलं, इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात घातली आणि खाली उतरून बाभळीखाली जाऊन उभा राहिला. मॅनेजरनं आईबहीण काढली, तरी तो हलला नाही. संध्याकाळच्या आत त्याचं काम गेलं. काय बोललीस, मी नंतर विचारलं. “काय न्हाय. इचारलं, तुझी आज्जी कुठं बसलीया?”

त्या गोंधळानं सुनावणीपर्यंत काम थांबवायचा आदेश तेवढा मिळाला. कुलूप निघालं नाही.

थंडी सरता सरता तिनं अंथरूण धरलं. सोमवारी माझ्या हातात विभूतीचा गोळा द्यायची. मी तुमच्यातली नाही म्हटलं, तर म्हणाली, “बोटं हाईत न्हवं तीन?” परत आल्यावर तिचा एकच प्रश्न असायचा, फाटक उघडलं का. मी नाही म्हणायचे. “आज न्हाय,” ती म्हणायची आणि कुशीवर वळायची.

आज पहाटे नीलव्वा गेली.

हे मी बसवराजच्या सोप्यात बसून मोबाईलवर लिहिते आहे. समोर ती भिंतीला टेकून बसली आहे. कपाळभर विभूती, मांडीवर डावा हात, हातात इष्टलिंग. जंगम आले आहेत, मंत्र चालू आहेत. मघाशी समाजातली जाणती माणसं सांगून गेली, वाद नको, शेठनं देऊ केलेल्या नव्या जागेत नेऊ. बसवराज उठला. मग म्हणाला, “काकी काकाशेजारीच बसंल.” नोकरीचं बघ, असं कोणीतरी हळूच म्हणालं. अंगणात जाऊन तो तिचं विमान, बसवून न्यायची तिरडी, बांधायला लागला. गाठी पक्क्या बसताहेत.

फाटकावर शेठनं आणखी माणसं आणून ठेवली आहेत. पोलिसांची गाडीही येऊन उभी आहे, असं आताच कळलं. ऊन उतरलं की आम्ही तिला विमानात बसवून निघणार. परत फिरणार नाही. कुलूप निघालं नाही तर ती फाटकासमोर बसेल आणि आम्ही तिच्यासोबत.

तुम्ही तिला कधी बघितलं नाही, म्हणून एवढं लिहिलं. मूठभर माणसं दिसली की त्यांना ढकलून देता येतं. रस्ता भरला की किल्ली सापडते. तुमची जात, तुमचा मठ, तुमचा पक्ष मला विचारायचा नाही. मेल्यावर आपण कुठं जाणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिला ठाऊक असूनही ती बाहेर आहे. हळहळ कळवू नका. हात जोडलेली चित्रं पाठवू नका. हा मोबाईल खाली ठेवा, पायात चप्पल घाला आणि या.