सुमनच्या सांध्यांचा फोटो काढायला पुण्याला

१९९६च्या फेब्रुवारीत आम्ही सोनईहून पुण्याला गेलो, ते माझी पत्नी सुमन हिच्या सांध्यांचा फोटो काढायला. घरापासून एसटी स्टँड सात मिनिटांवर. पहाटे पाचच्या गाडीसाठी मी बरोबर सातव्या मिनिटाला पोचलो. बरोबरच निघालेली सुमन त्यानंतर बारा मिनिटांनी आली. वाटेत कोणी भेटलं का, असं मी विचारलं.

"भेटला की. चंद्र," ती म्हणाली.

तिला सहा वर्षांपासून संधिवात. सकाळी हात जखडतात, दहापर्यंत सुटतात. एक्स-रेत काही दिसत नव्हतं. रोज कोणता सांधा किती वेळ दुखला, हे मी तिला विचारून वहीत मांडत असे. नगरच्या डॉक्टरांनी ती वही चाळली आणि तरीही पुण्याला पाठवलं, याचं मला जरा वाईटच वाटलं होतं.

नगरला गाडी बदलली. सुप्याजवळ उजाडलं, रस्त्याकडेला ज्वारीची काढणी चालू होती. आम्ही डब्यातले धपाटे (ज्वारीच्या पिठाचं तिखट थालीपीठ) काढले. जखडलेल्या हातांनी थापलेले, पण कडा गोल.

पुण्यात दहा वाजता तिच्या शिरेत किंचित किरणोत्सारी औषध टोचलं. आतून जिथे दाह असेल तिथे ते जास्त साठतं आणि फोटोत ती जागा गडद दिसते. मधले तीन तास भरपूर पाणी प्यायचं. सुमन सहा ग्लास प्यायली, सोबत म्हणून मी चार. उठावं मात्र मलाच जास्त वेळा लागलं.

फोटोत मनगटं गडद होती. मी समाधानाने वही उघडली. डॉक्टरांनी खाली बोट ठेवलं. दोन्ही घोटे त्याहून गडद होते.

"पाय कधीपासून दुखतात?"

वहीत पाय नव्हतेच. सुमन छताकडे बघत होती.

"चार वर्षं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "वहीत पाय आले असते, तर तुम्ही माझा आठवड्याचा बाजार बंद केला असता."

मी वही मिटली.

निघताना नर्सने बजावलं, आज लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही. नगर-सोनई गाडीत नेमकं एका उभ्या बाईने, "मावशी, घ्या वं जरा लेकराला," म्हणत पोर पुढे केलं. सुमनने हात मागे घेतले.

"लेकरू जड झालं व्हय मावशीला?" मागून एक आजोबा म्हणाले.

सुमनचा चेहरा उतरला. मी पलीकडच्या सीटवर जाऊन पोराला मांडीवर घेतलं. घोडेगाव यायच्या आत त्याने मला भिजवलं. सुमन दिवसभरात पहिल्यांदा हसली.

साडेसातला सोनईत उतरलो. या खेपेला मी तिच्या पावलाने चाललो. ती दोनदा थांबली, मीही थांबलो.

"आता बाजार बंद का?" तिने विचारलं.

"चालू. पिशव्या मी धरणार."

"धरा. पण भाव करताना मधे बोलायचं नाही."

दारात पोचून घड्याळ पाहिलं. एकोणीस मिनिटं. इतकी वर्षं पाहुण्यांना मी घर सात मिनिटांवर आहे असं सांगत आलो, ते माझ्या एकट्याचं अंतर होतं.