नामाच्या रिमोटचा घोडा

नामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजची बाही जोडत होते. आबांचा, आमच्या वडिलांचा फोन. "सुमे, आटपलं गं सगळं," एवढंच बोलले आणि मागं दवाखान्यातल्या माणसांचा गलका ऐकू येत राहिला. मी फोन मांडीवर ठेवला, उरलेली बाही पुरी जोडली, दोरा तोडला आणि मग उठले. लोक म्हणतील, काय बाई आहे, सख्खा भाऊ गेला नि ही टीप मारत बसली! म्हणू देत. त्या वेळी हाताला जे येत होतं ते मी केलं. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं... आदल्या संध्याकाळीच मी अंबाजोगाईच्या दवाखान्यातून चौसाळ्याला घरी आले होते, त्याचे धुतलेले कपडे न्यायला. ते कपडे पिशवीत भरून दारातच ठेवले होते.

आता दीड महिना होऊन गेला. भेटायला येणारे चहा घेतात आणि उठताना म्हणतात, "सुटला बिचारा." माझं डोकंच फिरतं. सुटला म्हणे! त्याला कुठं सुटायचं होतं? त्याला माळावर जायचं होतं, एवढंच. ते मी सांगत बसत नाही, पण इथं लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

आम्ही मेंढरांमागची माणसं. आई आम्ही लहान असतानाच गेली, त्यामुळं नामाला मीच मोठं केलं असं म्हणायला हरकत नाही. निदान मारलं तरी मीच. माझं लग्न झालं आणि मी परत माहेरी आले, त्याची कथा वेगळी आहे आणि तिची इथं गरज नाही. मी घराच्या पुढच्या खोलीत शिलाईची मशीन टाकली आणि नामा आबांबरोबर मेंढरं राखायला लागला. गावामागं एक माळ आहे, मुरमाड, चढाचा. त्याच्या माथ्यावर बिरोबाचा शेंदूर लावलेला दगड. नामा रोज मेंढरं घेऊन तिथवर जायचा, दगडाला भंडारा लावायचा आणि खाली यायचा. बाविसाव्या वर्षी तो त्या चढावर पडायला लागला. आधी आम्ही हसलो. मग तो सपाटीवरही पडायला लागला. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समोर बसवून सरळ सांगितलं, हा स्नायू झिजत जायचा आजार आहे, आधी पाय, मग हात, मग श्वास, आणि याला औषध नाही. आबांनी विचारलं, "मग आमी काय करावं?" डॉक्टर भले होते, त्यांनी आबांसाठी चहा मागवला.

खाटेवर आल्यावर नामा दिवसभर मोबाइल बघायचा. त्यातच त्याला त्या रिमोटवरच्या गाड्या दिसल्या. खेळण्यातल्या नव्हेत बरं का, मीही आधी तसंच समजले होते. खेळण्यातल्या गाडीचं काही मोडलं की ती फेकून द्यावी लागते. या गाड्यांचा नट न् नट सुटा मिळतो, मोटर वेगळी, दाते वेगळे, चाकं वेगळी, आणि आपल्याला हवी तशी गाडी आपण बांधायची. पहिली गाडी मी पसंत केली. लाल, चकचकीत, भयंकर पळणारी. अंगणातून सुटली ती थेट पाट्यावर आदळली आणि तिचा पुढचा आस मोडला. नामा हसून हसून बेजार. म्हणाला, "अक्का, मेंढा घेताना खुरं बघतेत, शिंगं न्हाई. तू शिंगं बघितलीस."

मग त्यानं खुरं बघून दुसरी गाडी घेतली. दिसायला अगदी रडकी, पण पोलादी आसाची, चारही चाकं जोर लावणारी. मोटर अशी निवडली की जी सावकाश फिरते पण ओढते बैलासारखी. मोटरवरचं दातेचक्र काढून त्याहून कमी दात्यांचं बसवलं, म्हणजे वेग आणखी कमी आणि ताकद आणखी जास्त. मी म्हटलं, अरे, लोक गाडी पळवायला पैसे घालतात, तू थांबवायला घालतोस! तर म्हणे, "मला मेंढरामागं चालायचंय, शर्यत कावून लावू?" गाडीला तो मेंढीच म्हणायचा.

आमची जमीन काळी. पाऊस पडला की मेंढीच्या खोल खाचांच्या टायरांत चिखल बसायचा आणि चाकाचा लाडू व्हायचा. त्यानं काय करावं? मी बाजारला गेले होते तेवढ्यात माझी कापडाची कात्री घेऊन टायरवरचा एकाआड एक रबराचा उंचवटा कापून काढला. कापडाच्या कात्रीनं रबर! शिवणकाम करणाऱ्या बाईला विचारा, तिच्या कात्रीनं कुणी कागद कापला तरी ती जेवत नाही. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण चिखल मात्र त्यानंतर टायरात बसला नाही, हेही खरं. चढावर गाडी मागं उलटायची, तेव्हा हायवेवरचे पंक्चरवाले बशीरभाई आले. ट्रकच्या चाकाला तोल साधायला लावतात ते शिशाचे तुकडे घेऊन. "काय बे नाम्या, आम्ही शिसं लावून ट्रक सरळ करतो, तू डोंगर चढवणार?" असं म्हणत त्यांनीच ते पुढच्या दोन चाकांत आतून चिकटवले. त्या दिवसापासून मेंढी उलटली नाही. हे सगळं करताना नामाचे हात अजून चालत होते, हे मला तेव्हा विशेष वाटलं नव्हतं.

एके दिवशी तो म्हणाला, "अक्का, घोडा जाम झालाय का बघ बरं." या गाडीचा रिमोट पिस्तुलासारखा असतो. डाव्या हातात धरायचा, तर्जनीनं घोडा ओढला की गाडी चालते, उजव्या हातानं बाजूचं छोटं चाक फिरवलं की वळते. मी घोडा ओढून बघितला. मुळीच जाम नव्हता. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं... "व्हय रे, जरा जामच हाय," मी म्हटलं. रिमोट खोलला, आतली स्प्रिंग काढली आणि शिलाई मशीनच्या दोऱ्याला ताण देणारी असते तसली एक मऊ स्प्रिंग बसवली. घोडा हलका झाला. चार महिन्यांनी तो पुन्हा जाम झाला. मग मी बॉलपेनची स्प्रिंग ताणून ढिली करून बसवली. मग तीही जड झाली. दुसरं बोट लावून बघितलं, तेही तसंच. आणि उजव्या हातानं घोडा ओढावा तर चाक कोण फिरवणार? जगातली माणसं या गाड्यांच्या मोटरी बदलतात, बॅटऱ्या बदलतात. आम्ही बहीणभाऊ दोन वर्षं फक्त स्प्रिंग बदलत होतो. काढलेली प्रत्येक स्प्रिंग मी बटणांच्या डबीत टाकायचे. शेवटी स्प्रिंगच काढली आणि फ्रॉकच्या कमरेला घालतात तो रबराचा बारीक दोरा दुहेरी करून बांधला. डॉक्टरांना त्याची तब्येत तपासून जे कळायचं ते मला माझ्या डबीतून कळायचं, आणि त्यांच्याइतकंच माझ्याही हातात काही नव्हतं.

त्याची एकच इच्छा होती. मेंढीच्या पाठीवर भंडाऱ्याची डबी बांधायची आणि पायथ्याशी बसून तिला स्वतःच्या हातानं बिरोबापर्यंत न्यायचं. सहा वर्षांत तो माळ चढला नव्हता. आम्ही कितीदा तरी करून बघितलं. निम्म्या चढावर, एका बाभळीपाशी त्याचं बोट थकायचं, घोडा सुटायचा आणि मेंढी उभी राहायची. तो म्हणायचा, "थांब, दम खाऊ दे तिला." दम कुणाला खायचा होता हे आबांना कळायचं. ते तोंड फिरवून तंबाखू मळायचे.

मग मी नको ती गोष्ट केली. एका रविवारी माळाखाली माणसं जमली होती, बशीरभाई होते, मेंढरंवाले होते. गाडी एका वेळी एकाच रिमोटचं ऐकते. दोघांची जोडी आधी लावून द्यावी लागते. पहिल्या मोडक्या गाडीचा रिमोट, त्याच कंपनीचा, कपाटात पडून होता. सकाळी नामाची अंघोळ चालू असताना मी मेंढीची जोडी त्या रिमोटशी लावून टाकली. नामाच्या हातातल्या रिमोटचा दिवा लागत होता, पण त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं. मी त्याच्या खुर्चीमागं उभी राहिले, पदराखाली दोन्ही हात, आणि त्याच्या मेंढीला मी माळ चढवला. ती न थांबता गेली. बिरोबाच्या दगडाला जाऊन टेकली. माणसांनी टाळ्या वाजवल्या, बशीरभाईंचे तर डोळे भरले. आबांनी वर जाऊन भंडारा आणला, मी वाकले आणि नामानं तो माझ्या कपाळाला लावला. मला वाटलं, जमलं बाई.

चार दिवस तो नीट बोलला नाही. पाचव्या दिवशी मी त्याला भाकरीचा घास भरवत होते, तर तोंड मिटून घेतलं. म्हणाला, "अक्का, बाभळीपाशी माझं बोट सुटलं हुतं. मेंढी चालतच हुती." माझ्या हातातला घास तसाच. "अरे, लोकं जमली हुती... तुला वाईट वाटलं असतं," मी काहीतरी बोलले. "वाटलं असतं की! थांबली असती, तर माझी थांबली असती. वर गेली ती तुझी गेली." मग म्हणाला, "कापडात काय लबाडी करायची ती कर. मेंढीच्या बाबतीत मला पुन्हा खोटं बोलू नको." मी त्याच्या गळ्याची शपथ घेतली. पुन्हा चढायचं ठरलं, या वेळी त्याच्याच हातानं, निम्म्यात थांबली तर थांबली. मेंढीची जोडी मी परत त्याच्या रिमोटशी लावली.

पण आठ दिवसांत त्याला खोकला धरला आणि श्वास पुरेना. अंबाजोगाईला नेलं. तिथं दुसऱ्या दिवशी त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि तोंडावरचा मास्क सरकवायला लावला. "रिमोट आण, अक्का. नुसतं बोट लावून बघतो." मी एसटीनं घरी आले. रबराचा दोरा दुहेरीचा एकेरी केला. याहून हलकं करायला माझ्याकडं काही नव्हतंच. मेंढी घरीच ठेवली आणि रिमोट पिशवीत घालून परत गेले. भर दुपार होती. मी त्याचा डावा हात उचलून रिमोटभोवती ठेवला, तर्जनी घोड्यावर ठेवली आणि खालून धरून राहिले. त्याला मान उचलून बघता येत नव्हतं, तो छताकडं बघत होता. कपाळावर घाम आला. गळ्याची शीर फुगली. सगळं अंग त्या एका बोटात आणायला बघत होता पोरगा... "हालला का, अक्का?"

मी त्या घोड्याकडं डोळे फाडून बघत होते. केसभर हालला असता तरी मी हो म्हटलं असतं. मी शपथ घेतली होती. "न्हाई रे," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. मी मास्क परत बसवत होते, तेव्हा म्हणाला, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी त्याला मास्क काढू दिला नाही. संध्याकाळी मी कपड्यांसाठी घरी आले, आणि सकाळी तो फोन. एकदा खोटं बोलले तर तेही चुकलं, आणि एकदा खरं बोलले तर तेही चुकलं. मग बोलायचं तरी काय माणसानं? कुणाला माहीत असेल तर मला सांगा, मी खरंच विचारतेय. देवाला विचारून झालं, तो वर दगड होऊन बसलाय.

परवा बशीरभाई आले होते. म्हणाले, "सुमनताई, एकदा मेंढी वर नेऊन ठेवा बिरोबापाशी. त्याच्या जीवाला बरं वाटेल." मी नाही म्हटलं, जरा तोडूनच म्हटलं. एकदा त्याच्या जागी मी चालवली तेवढं पुरे झालं. मेंढी माझ्या खोलीतल्या फळीवर आहे, भंडाऱ्याची डबी पाठीवर तशीच बांधलेली. रिमोट मशीनच्या टेबलावर, माझ्या डाव्या हाताशी असतो.

काल बऱ्याच दिवसांनी मी काम काढलं. परकराची लांब टीप होती. पायानं मशीन चालू केली, टेबल हादरायला लागलं आणि सहज डावीकडं बघितलं, तर घोडा हालत होता. कुणी बोट लावलेलं नव्हतं. मी इतका हलका करून ठेवला होता तो, की मशीनच्या हादऱ्यानंही हालत होता... पाय थांबवला, घोडा थांबला. पुन्हा पाय मारला, पुन्हा हालला.

"हालला रे, नामा," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. मग परकराची टीप संपली तरी मी मशीन तशीच चालवत बसले, सुईखाली कापड नसताना.