कार्डावर लिहिलं होतं, ‘रिकव्हर्ड’

डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. “ब्रेन स्ट्रोक है, मास्साब. बाईं तरफ़ छोटा-सा क्लॉट है. घबराइए मत.” म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची बारीक गाठ अडकली होती आणि तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. मला सगळं समजलं.

मग सुमन, माझी बायको, माझ्यावर वाकून काहीतरी बोलली. बरंच बोलली. आवाज तिचाच होता, ओठही तिचेच हलत होते, पण त्यातला एकही शब्द मला कळला नाही. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. मी म्हणालो, “आप क्या कह रही हैं?”

ती हसली. तिला वाटलं, मी चेष्टा करतोय.

हे लिहितोय ते तुमच्या घरी असं कोणी कधी आजारी पडलं तर उपयोगी पडावं म्हणून. मी उज्जैनच्या एका शाळेत गणित शिकवायचो. घरात मराठी, बाहेर हिंदी, आमच्याकडे सगळ्यांचं हेच. त्या दिवशी टावर चौकातल्या एसटीडी बूथवर जळगावला मेव्हण्याला फोन लावत होतो. रिसीव्हर उजव्या हातातून सुटला आणि पुन्हा उचलता येईना. बूथवाल्यानेच मला रिक्षात घालून नर्सिंग होममध्ये पोचवलं. सीटी स्कॅनसाठी, म्हणजे मेंदूच्या आडव्या छेदांच्या फोटोंसाठी, मला मेटाडोरमधून इंदूरला नेऊन आणलं.

पुढचे सात दिवस रोज तपासणी. नाव काय, शहर कोणतं, हात उचला, पाय दाबा. एकदा डॉक्टर म्हणाले, सतराचा पाढा म्हणा. मी सत्रह एकम सत्रहपासून न अडखळता म्हटला. ते खूश झाले. सुमनने त्यांना सांगितलं, हे घरच्यांशी मराठी बोलत नाहीत. ते म्हणाले, “बोल तो रहे हैं न, भाभीजी? आपको और क्या चाहिए?”

त्यांचीही चूक नव्हती. इथे दवाखान्यात पाऊल टाकलं की आपण आपोआप हिंदीत शिरतो, आपसातसुद्धा. माझी मराठी तपासून पाहावी, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी दवाखान्यातून सुटी झाली. देवासहून आत्या आली होती. तिने मला लहानाचं मोठं केलं. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून माझ्याकडे एकटक बघत राहिली आणि सुमनला काहीतरी म्हणाली. सुमनने दोन-तीनच शब्दांत उत्तर दिलं. दोघी माझ्यादेखत बोलल्या, दाराआड जायची त्यांना गरज वाटली नाही. मला शब्दांवाचून नुसती बोलण्याची चाल ऐकू आली, आत्याची लांब आणि सुमनची आखूड. ती चाल माझ्या डोक्यात बसली.

डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, ‘रिकव्हर्ड’. सिस्टर म्हणाली, अब आराम है. वॉर्डबॉय म्हणाला, चंगे हो गए मास्साब.

माधव नगरातल्या घरी आल्यावर मला खरी भीती वाटू लागली. भिंती, घड्याळ, खुर्ची, सगळं ओळखीचं. स्वयंपाकघरातून मात्र परक्या भाषेत बोलणं यायचं आणि मधूनच त्यात माझं नाव असायचं. आत्या रोज मीठ-मोहरी ओवाळून टाकायची. टाकल्यावर मागे बघायची नाही, आणि माझ्याकडे तर मुळीच नाही. सुमन माझ्याशी हिंदीत बोलायला लागली, पाहुण्याशी बोलावं तसं जपून. “आप नहाएँगे?” चहात मी रोज दोन चमचे साखर मागून घ्यायचो. ती मला ‘अहो’ म्हणेनाशी झाली, हे मला कळलंही नाही. तो शब्दच माझ्याकडे नव्हता.

महिन्याने इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांनी निदान केलं: अफेझिया. म्हणजे मेंदूला इजा झाल्याने भाषा जाणं. दोन भाषा बोलणाऱ्याची कधीकधी एकच जाते, म्हणाले. परत येईल का, विचारलं तर म्हणाले, “आ भी सकती है.” त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. मराठी परत आली नाही तर मी या घरात जन्मभर पाहुणाच राहणार होतो.

सुमनने मला शिकवायला घेतलं. भेटायला येणारे जे शब्द टाकून जायचे, ते मी डाव्या हाताने वहीत उतरवायचो आणि ती समजावायची. बरं वाटणं. उतार पडणं. सावरणं. हिंडूफिरू लागणं. पूर्ववत होणं. मी गणिताचा माणूस, मला वाटलं, या सगळ्यांची किंमत एकच असणार. ती म्हणाली, तसं नाही. उतार दुखण्याला पडतो, माणसाला नाही. सावरतो तो, जो पडता पडता राहिला. बरं वाटतं ते ज्याचं त्याला. आणि पूर्ववत? ती कुकर बघायला उठून गेली.

शब्द येत गेले. आधी भांड्यांची नावं, मग नाती, मग शिव्या. आत्या परत देवासला गेली.

हिवाळ्यातली एक दुपार. आम्ही दोघं अंगणात मटार सोलत होतो. हात चालू असताना ती चाल डोक्यात घोळायला लागली, वॉर्डमधली. रोजच घोळायची. त्या दिवशी ती मध्येच उघडली आणि आतून शब्द निघाले.

आत्या म्हणाली होती, “सुमन, हा आपला नव्हे गं. कोणी दुसराच येऊन बसलाय ह्याच्यात. घरी नको नेऊस.”

आणि सुमन म्हणाली होती, “नसू दे. मी नेते.”

चार महिने मी जिच्या हातचं जेवत होतो, तिने मला नवरा म्हणून आणलंच नव्हतं. कोण आहे हे माहीत नसताना आणलं होतं. मला रडू आलं आणि भीतीही वाटली, कारण आत्या खोटं बोलत होती, असं मलाही छातीठोक सांगता येईना.

मी मराठीत विचारलं, “मग काय वाटतं तुला? मी तोच आहे ना?”

तिने दचकून वर पाहिलं. एवढं सलग वाक्य मी पहिल्यांदाच बोललो होतो. तिने हातातली शेंग पुरी सोलली.

“ते बिनसाखरेचा चहा घ्यायचे,” ती म्हणाली.

मग आत गेली. चहा घेऊन आली आणि माझ्यासमोर बसून माझ्या कपात दोन चमचे साखर घातली, नीट ढवळली.

“घ्या, अहो,” म्हणाली. “निवेल.”