दाबल्यावर दुखतं का?

आमचे मालक पालथे पडले होते. पाठीवर सहा तुंबड्या चिकटलेल्या, कपाळावरचा घाम चटईवर गळत होता, आणि मी सातव्या काचेत पेटता बोळा फिरवत होते. तेवढ्यात हलिमाबी दारात आली. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि हातातली पिशवी तिथेच टाकली.

“दाबून बघितलंस?”

“दाबायचं काय त्यात? सकाळी कांद्याची पोती चढवली, पाठ धरलीय.”

तिने मला खांद्याने बाजूला सारलं आणि मानेपासून कमरेपर्यंत अंगठे रोवत गेली. “भाऊ, इथे दुखतं? इथे?” मालक नाही म्हणत होते. कुठेच नाही. “मग दुखतंय कुठे?” “आत…” ते म्हणाले, “आणि जबड्यात.” मग काचेच्या कडेशी बोट दाबून हवा आत सोडत तिने सहाही तुंबड्या काढल्या आणि माझ्यावर ओरडली, “हे पाठीचं नाही गं! रिक्षा आण. पळ!”

ही हलिमाबी गेल्या महिन्यात गेली. वय झालं होतं, झोपेत गेली, तिच्याबद्दल रडण्यासारखं काही नाही. तिच्याबद्दल सांगण्यासारखं मात्र आहे, आणि ते मीच सांगायला हवं.

बिबवेवाडीत आमच्या घराला लागून तिचं घर. तेव्हा आमच्या मागे अजून शेत होतं, मेथी-कोथिंबीर निघायची, आणि पुढच्या अंगाला इमारती उठायला लागल्या होत्या. हलिमाबीचं माहेर-सासर दोन्ही पुण्यातलंच. बाप शिंगाची तुंबडी लावायचा, तोंडाने हवा ओढून. हिने जाड काचेचे सात पेले घेतले. तारेला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये बुडवून पेटवायचा, पेल्यात एकदा फिरवून काढायचा आणि पेला झटक्यात पाठीवर उपडा ठेवायचा. आतली कातडी फुगून वर यायची, लालजांभळी व्हायची, आणि आखडलेला गोळा हळूहळू सैल पडायचा. बाजारातले हमाल यायचे, घमेली वाहणाऱ्या बाया यायच्या, पुढे पुढे मान धरलेली कॉम्प्युटरवाली पोरंही यायला लागली. त्यातला एक जण स्वतःच्या पाठीचा फोटो काढायला सांगत होता. ती म्हणाली, “काढते की. पण चेहरा पलीकडे आहे, घरचे ओळखतील का?”

तिची एक रीत होती. आधी अंगठ्याने सगळी पाठ दाबायची. जिथे माणूस कळवळेल तिथेच तुंबडी. कुठेच कळवळला नाही तर पेले परत फडक्यात. “दाबल्यावर दुखत नाही ते माझं नाही. डॉक्टरकडे जा.” लांबून आलेली माणसं चिडायची, हिला काही फरक पडायचा नाही. मी भाजीची पाटी वाहून वाहून तिच्यापुढे किती वेळा पालथी पडले त्याला गणती नाही. मला ते दाबणं म्हणजे उगाच मोठेपणा वाटायचा. खरं काम काचेचं, अंगठ्याचं काय त्यात, असं मी समजत होते.

त्या दिवशी तिच्या घरात भिंतींना चुना देणं चाललं होतं, म्हणून पेल्यांचा डबा माझ्याकडे ठेवून ती कात्रजला मुलीकडे गेली होती. दुपारी मालक खांदा धरून आले. मी एवढ्या वर्षांत बघितलेलं, म्हटलं आपण लावू. दाबलं नाही. तुंबड्या छान चिकटल्या, डाग काळेनिळे उठले, मालकांना घाम फुटला, आणि मला वाटलं दुखणं बाहेर पडतंय. पाऊण तास मी त्यांना तसंच ठेवलं. दोनदा काढून दोनदा लावल्या.

स्वारगेटच्या पुढच्या दवाखान्यात रिक्षा पोचली तेव्हा ते बोलत नव्हते. हलिमाबी मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर धरून बसली होती. त्यांना आत नेल्यावर मी तिला घरी पाठवलं, माझी पोरं एकटी होती म्हणून. पाठोपाठ माझे दीर आले. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, “पाठीवर ते डाग कसले? कुणी केलं हे? हृदयाचा झटका आलेला माणूस, अन् तुम्ही घरात वेळ घालवलात!” मी तोंड उघडायच्या आत दीर म्हणाले, “आमच्या शेजारी एक बाई आहे, तिचे हे धंदे.” डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर नीट केला… आणि गप्प बसले.

दीर तिथून थेट तिच्या दारात गेले. गल्लीसमोर नाही नाही ते बोलले, तिने आमच्याकडून परत नेलेला डबा उचलून आपटला. सातातले दोन पेले फुटले. ती एवढंच म्हणाली म्हणे, “भाऊ वाचला का ते सांगा आधी.” चौथ्या दिवशी मी घरी आले तेव्हा ती ओट्यावर बसली होती. मी म्हटलं, “सांगते मी त्यांना.” ती म्हणाली, “सांग.” बस्स, एवढंच.

मी सांगितलं नाही. आधी मालकांचा जीव टांगणीला होता, मग दिराच्या पोरीचं लग्न निघालं, मग शेताची वाटणी. प्रत्येक वेळी काही ना काही होतंच. खरं कारण एवढंच की मला भीती वाटत होती. नवऱ्याला मारायला निघालेली बाई म्हणून सासरच्यांनी आयुष्यभर बघितलं असतं. मग हलिमाबीकडे कुणी येईना. वर्ष उलटलं तरी पेले फडक्यातच पडून होते. ती शिवण करायला लागली, माझ्याशी बोलायची बंद झाली.

दीड वर्षाने माझी कंबर अशी धरली की मला उठता येईना. रांगतच तिच्याकडे गेले. तिने दार उघडलं, बघितलं आणि विचारलं, “सांगितलंस का?”

“नाही.”

“बरं. मग पालथी हो.”

त्या दिवशी तिने अंगठा असा दाबला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. “दुखतं का?” “हो.” “मग माझं आहे,” म्हणाली आणि काच लावली. तेव्हापासून दर वेळी हेच. सांगितलंस का? नाही. पालथी हो. हळूहळू बाकीची माणसंही परत आली, पण आमच्या दिराच्या घरचं कुणी कधीच आलं नाही. गेल्या दिवाळीनंतर मी तिला शेवटची भेटले. अंथरुणातून तिने माझी मान दाबली, अंगठ्यात जोर उरला नव्हता. मी उत्तर तयार ठेवून बसले होते. तिने विचारलंच नाही. न विचारता कूस बदलली… ते मला अजून लागतं.

ती गेल्यावर दीर आमच्याकडे चहाला आले होते. म्हणाले, “गेली का ती? त्या बाईने दादाला जवळजवळ घालवलाच होता.” माझ्या हातात कपबशी होती. ती मी खाली ठेवली. “भावजी, तुंबड्या मी लावल्या होत्या. हलिमाबी नंतर आली. तिने काढल्या. रिक्षा आणायला तिनेच पळवलं मला.”

दीर मालकांकडे बघायला लागले. मालक म्हणाले, “मला माहितीये. पाठ माझी होती.”

“मग एवढी वर्षं बोलला का नाहीत?” मीच विचारलं.

“तू बोलशील म्हणून थांबलो.”

असं थांबणं काही मोठेपणा नाही, हे मी त्यांना तिथेच सुनावलं. आम्ही दोघं घाबरलो, आणि त्याचा भार तिने वाहिला. दीर चहा तसाच ठेवून गेले. जाताना हलिमाबीच्या दारासमोर थोडे थांबले, तिच्या मुलीशी काही बोलले. काय ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीने उरलेले पाच पेले मला आणून दिले. फडकं तेच, कडेला जळल्याचा डाग असलेलं. खिडकीतल्या फळीवर ठेवलेत. मी ते कुणाला लावणार नाही, मला दाबता येत नाही.

मालक आता एक्याऐंशीचे आहेत. आत्ता बाहेर ओट्यावर बसून लसूण सोलताहेत.