गुणपत्रकाच्या पाठीवरचा शिक्का

लॅमिनेशनवालीच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला होता. शाळेसमोर तिचं दुकान: एक काउंटर, दोन झेरॉक्स मशीन आणि कोपऱ्यात दिवसभर तापलेलं लॅमिनेशनचं मशीन. गिऱ्हाइकाने कागद तिरका धरला तरी ती खेकसायची, "सरळ धरता येत नाही? हात आहेत की काय आहे?" लोक निमूट ऐकून घ्यायचे, कारण काम चोख. तिच्या हातच्या कागदात एक बुडबुडा सापडायचा नाही. नवरा गेल्यावर ही बाई दुकान चालवू शकणार नाही असं ज्यांनी ज्यांनी भाकीत केलं, त्यांच्याच पोरांचे दाखले गेली सात वर्षं ती प्लॅस्टिकमध्ये घालत होती.

भाकीत करणाऱ्यांत पहिला नंबर मोठ्या नणंदेचा. भाऊ जाऊन महिना झाला नव्हता, तेव्हा ती भरल्या घरात म्हणाली, "दुकान विकून टाक. तुला नाही झेपायचं." बस्स, त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. आता गंमत बघा, ही नणंद नोकरीला समोरच्याच शाळेत. शेवटच्या वर्षाच्या मुलांना कुठलं कॉलेज, कुठली शिष्यवृत्ती, कुठला फॉर्म कधी भरायचा, हे सांगायचं तिचं काम. तेवढ्यासाठी पालक तिच्या खोलीबाहेर रांग लावायचे. लॅमिनेशनवाली मात्र पालकसभेलाही कधी तिकडे फिरकली नाही.

तिची मुलगी फिरकली. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष, डोकं तल्लख. चारचौघांसारखी रांगेत उभी राहिली आणि आत्याने तिला तीन शिष्यवृत्त्या शोधून दिल्या. दोन किरकोळ, वह्या-पुस्तकांपुरत्या. तिसरी मात्र मोठी, एका संस्थेची: चार वर्षांची फी आणि वसतिगृह. ती मिळाली तर पोरगी इंजिनियर होणार, नाही मिळाली तर झेरॉक्सच्या मशीनमागे उभी राहणार. आणि लॅमिनेशनवालीला जगात दुसरं काहीही चाललं असतं, पोरगी त्या मशीनमागे उभी राहिलेली चालणार नव्हती.

"कुणी सांगितलं हे?" तिने फॉर्म बघून विचारलं.

"आत्याने."

"उपकार करते काय आपल्यावर?"

"सगळ्यांनाच सांगते ती. कामच आहे ते तिचं."

"तिचं काम तू मला शिकवू नकोस."

मुलीने फॉर्म उचलून दप्तरात ठेवला. पण कागद तपासणीच्या आदल्या दिवशी फाइल लावताना तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, गुणपत्रक आणि जन्मदाखला आहेत तसेच राहू देत हं. आत्या म्हणालीय, काही झालं तरी लॅमिनेट करायचे नाहीत, कारण तिथे..."

कारण ऐकायला थांबतंय कोण? लॅमिनेशनवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. आधी म्हणे दुकान विक, आता दुकानातल्या कामाला नावं ठेव. हिच्या पोटात दुखतंय तरी काय? मुलगी मैत्रिणीकडे गेली तशी या बयेने दोन्ही कागद उचलले आणि दुकानातल्या सगळ्यात जाड प्लॅस्टिक पाऊचमध्ये घालून मशीनला लावले. राग तर होताच, पण खोटं कशाला बोला, त्यात मायाही होती. लेकीचे कागद जन्मभर मळू नयेत, फाटू नयेत, असं तिला मनापासून वाटत होतं. गुणपत्रक मशीनमधून गुळगुळीत, चकचकीत होऊन बाहेर आलं आणि तिने ते पदराने पुसून फाइलमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कार्यालयात खिडकीमागच्या कारकुनाने गुणपत्रक उलटं केलं आणि नखाने टोकरलं.

"यावर शिक्का कुठे मारू?"

"म्हणजे?"

"मूळ कागदाच्या पाठीवर आमचा शिक्का लागतो. नाहीतर तोच कागद दाखवून लोक दोन-दोन संस्थांकडून फी उचलतात. प्लॅस्टिकवर शाई धरत नाही. दुसरी प्रत आणा. शुक्रवारी खिडकी बंद होतेय."

दुसरी प्रत यायला महिना लागतो. शुक्रवार चार दिवसांवर होता. लॅमिनेशनवालीने कारकुनाची सात पिढ्यांसकट हजेरी घेतली. तो अशा बायांना सरावलेला होता. तिचं संपल्यावर म्हणाला, "नाहीतर शाळेच्या मार्गदर्शन विभागाचं पत्र आणा. हे मूळ कागद आहेत आणि कशामुळे असे झाले, असं. खाली आईची किंवा वडिलांची सही."

 परतताना मुलगी बसमध्ये आईपासून दोन सीट सोडून बसली.

घरी येऊन लॅमिनेशनवालीने दाखल्याचा एक कोपरा गरम करून ओढून पाहिला. प्लॅस्टिक निघालं ते कागदाची कातडी घेऊनच. असं होणार हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, तरी तिने ओढलं. मग दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून ती नणंदेच्या खोलीबाहेर पोरांच्या रांगेत उभी राहिली. मुलगी मागे, भिंतीला टेकून.

"बस," नणंद म्हणाली.

"उभी आहे तीच बरी आहे."

नणंदेने दोन्ही कागद उलटसुलट पाहिले. "मी नको सांगितलं होतं."

"हो."

"तरी केलंस."

"तुम्ही सांगितलंत म्हणूनच केलं, ताई."

नणंदेने कोरा कागद पुढे सरकवला. "मग तेच लिही. सूचना मिळूनही रागाच्या भरात केलं, असं."

"कारकुनाला काय करायचंय माझ्या रागाशी?"

"कारकुनाला नाही. मला हवंय."

खोलीत तीन पोरं ऐकत होती. लॅमिनेशनवालीचे कान तापले. इतका पाणउतारा तिचा उभ्या आयुष्यात कुणी केला नव्हता, पण तिने लिहिलं, शब्दन्‌शब्द, आणि खाली सही केली. नणंदेने शिक्का मारून पत्र तिच्याकडे न देता मुलीच्या हातात दिलं आणि मान वर न करता म्हणाली, "पुढचा."

शिष्यवृत्ती मिळाली. दीड महिन्याने नाव लागलं. त्या दिवशी लॅमिनेशनवाली एकाही गिऱ्हाइकावर खेकसली नाही.

मग एका सकाळी मुलगी वसतिगृहाचा भरलेला फॉर्म घेऊन काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभी राहिली. "दोन प्रती," म्हणाली. लॅमिनेशनवालीने फॉर्म काचेवर ठेवता ठेवता वाचला. पालकाच्या रकान्यात मुलीच्या टपोऱ्या अक्षरात आत्याचं नाव होतं, पुढे आत्याचा फोन नंबर.

"हे काय लिहिलंयस?"

"काही अडचण आली, काही ठरवायचं असलं, तर त्या नंबरवर फोन करतात."

"आणि मी?"

"तू आई आहेस. आईच्या नावाचा रकाना वर आहे, तिथे लिहिलंय तुझं." मुलगी जरा थांबली. "ती भांडखोर आहे, मला माहितेय. पण माझं काही बिघडलं तर ती फोन पूर्ण ऐकून घेईल, आई. तू नाही ऐकणार."

लॅमिनेशनवालीने तोंड उघडलं. रस्त्यापलीकडे शाळेची घंटा झाली, दोन पोरं कागद घेऊन मागे येऊन उभी राहिली. तिने झाकण खाली केलं, बटण दाबलं आणि प्रती निघेपर्यंत मशीनकडेच बघत राहिली.