वणव्यातून उचललेली अंडी

गोरखनं डोंगराला आग लावली तेव्हा पासलीच्या ठकुबाई खाली भाताच्या खाचरात, रोपांची जमीन भाजायच्या राबासाठी पाला पसरत होत्या. गोरख त्यांचा धाकटा दीर. आगीपुढं पळत येणारी जनावरं धरायला त्यानं दोन कुत्री उताराला उभी केली होती. कारवीच्या झुडपांतून एक रानकोंबडी अगदी शेवटी बाहेर पडली, पिसं जळत असतानाच. कुत्र्यांनी ती दोन्हीकडून ओढून फाडली.

इतक्या उशिरा उठली म्हणजे खाली अंडी असणार, हे ठकुबाईंनी ओळखलं. धुरात शिरून त्यांनी जागा चाचपली. काही अंडी तडकून शिजली होती. चार धड होती. ती ओटीत घेऊन वळल्या, तो समोर गोरख.

"वैनी, हिकडं द्या. भाजून खातो."

"तिला फाडलं, तेवढं पुरं झालं."

त्यानं काठी त्यांच्या उजव्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचं दोघांनाही ऐकू आलं. ठकुबाईंनी डाव्या हातानं ओटी सावरली आणि तशाच घरी आल्या.

हात बघून सून नूतन म्हणाली, "आत्या, आधी वेल्ह्याला दवाखान्यात चला."

"जाऊ. आधी दार लाव आन् मोबाईलची बत्ती लाव."

अंधारलेल्या माजघरात नूतननं एकेक अंडं बत्तीवर धरलं. पहिलं आरपार पिवळं. त्यात काही धरलंच नव्हतं. दुसऱ्यात रक्ताचं कडं दिसलं, म्हणजे जीव धरून मेलेला. उरलेली दोन काळी, भरलेली. पण आतलं पिल्लू जितं आहे का, ते उजेडात कळेना. ठकुबाईंनी परातीत कोमट पाणी घ्यायला लावलं आणि दोन्ही अलगद सोडायला सांगितली.

"हलतंय?"

"न्हाई."

"थांब जरा." ठकुबाई भिंतीला टेकल्या. "तुज्या सासऱ्यानं पोटात लाथ घातली तवा म्या बी अशीच बसले हुते. सातवा म्हैना. दिस मावळंस्तवर पोटावर हात ठिवून. न्हाई हललं."

नूतनला हे घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं. ती परातीतून नजर काढेना. एक अंडं थरथरलं, थांबलं, परत थरथरलं. दुसरं नुसतंच तरंगत राहिलं.

ते हलतं अंडं पुसून त्यांनी डालीत अंड्यांवर बसलेल्या घरच्या खुडूक कोंबडीखाली सरकवलं. तेवढ्यात दारू प्यालेला गोरख दार ढकलून आत आला आणि डालीला लाथ मारायला त्यानं पाय उचलला. ठकुबाईंनी डाव्या हातानं कोयता उचलला आणि त्याच्या पोटरीत घातला. तो खाली बसला. रक्त उंबऱ्यापर्यंत गेलं.

"परत पाय उचललास तर तोडीन," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

दोघांना एकाच जीपनं वेल्ह्याला नेलं. गोरखनं डॉक्टरांना सांगितलं, कारवीचा खुंट घुसला. ठकुबाई म्हणाल्या, "दिरानं मला मारलं, म्या त्याला मारलं." पोलिसांनी दोघांचेही जबाब घेतले. कोर्टाच्या तारखा अजून चालू आहेत. मनगट वाकडंच बसलं. भाताची लावणी आता त्या डाव्या हातानं करतात.

अंडं फुटलं. तपकिरी पट्ट्यांचं पिल्लू कोंबडीमागं अंगणात फिरायला लागलं. पंख भरल्यावर एका सकाळी ते कौलांवर चढलं आणि कारवीकडं उडून गेलं. खुडूक कोंबडी दिवसभर त्याला हाका मारत राहिली, मग दाणे टिपायला लागली.