आमच्या घरात पोरी बैल नेत नाहीत

हे मी कुणाजवळच बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडले की दुसरंच काहीतरी मागून उठते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

तान्ह्या पोळ्याला आमच्या धरमपेठच्या घरी सगळं गणगोत जमतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा हा मुलांचा सण. लाकडी बैल सजवायचे, मैदानात तोरणाखाली उभे करायचे, ज्याचा देखणा त्याला बक्षीस. मी आठ दिवस आधीपासून कंबर कसते. मुलांसाठी बिनतिखटाची भाजी वेगळी, काचेची भांडी माळ्यावर, उन्हातून आल्यावर प्यायला सरबत. "मुलांचं करावं तर वहिनीनं!" असं सगळे म्हणतात. दरवर्षी ते वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. एकालाही दिसत नाही? इतक्या वर्षांत यांना माझ्या पुरणपोळीपलीकडे काहीच दिसलं नाही?

पण त्यांच्यावर कशाला चिडतेय मी?

वीस वर्षं झाली. नणंदेची रेणू तेव्हा आठ वर्षांची. पारशिवनीहून आईसोबत बसनं आली, मांडीवर बैल घेऊन. वीतभरच होता. शिंगं तिनं स्वतः रंगवलेली, आईच्या जुन्या साडीच्या काठाची झूल, गळ्यात घुंगरू. आणि डोळे — असे काढले होते की आता मान वळवून बघेल. माझ्या सौरभचा बैल सीताबर्डीहून आणलेला, हातभर उंच, चाकांचा, नुसता चकाकत होता. दोन्ही शेजारी ठेवले आणि मला कळलं, बक्षीस कुणाचं ते.

हेवा म्हणतात त्याला. आठ वर्षांच्या पोरीचा! पस्तिशी उलटलेली बाई मी, आणि ती माझ्याच घरी सणाला आलेली भाची. सौरभ आधीच्या वर्षी हरून रडला होता, हे सांगू का? नको. ती सबब होईल.

पोरं निघाली. रेणूनं बैल उचलला.

"रेणू, आपल्या घरात पोरी बैल नाही नेत वं."

"काहून मामी?"

"तुझ्या आजीपासून आहे तसं."

साफ खोटं. आमच्या गल्लीतल्या पोरी नेत होत्या. आणि तोवर वारलेल्या सासूबाईंनी तर नणंदेच्या लहानपणी तिच्या बैलाला स्वतः झूल शिवून दिली होती, नणंदेनंच मला सांगितलेलं. नणंद त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती, हातात उलथणं. माझ्याकडे पाहिलं — आणि आत गेली. दोन दिवसांसाठी माहेरी आलेली बाई वहिनीशी काय भांडणार? मला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर धीर झाला.

रेणू रडली नाही. रडली असती तर! तिनं बैल देवघरापाशी ठेवला आणि सौरभसाठी टाळ्या वाजवायला मैदानात गेली. त्याला पहिलं बक्षीस मिळालं, एक स्टीलचा डबा. मी पेढे वाटले. निर्लज्जासारखे वाटले.

पुढच्या वर्षी धाकट्या जावेनं आपल्या मुलीला तेच सांगितलं. त्यानंतर कुणी सांगायचीही गरज उरली नाही, रीतच झाली. नवऱ्याला बहिणीचा बैल आठवत नसेल, आणि आठवला तरी घरच्या रीतींत तो तोंड घालत नाही. नणंद तीन वर्षांपूर्वी गेली. खरं सांगू शकेल अशी मी एकटीच उरले.

यंदा रेणू तिच्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीनं सगळ्यांसोबत एक बैल उचलला आणि दाराकडे धावली. रेणूनं दंडाला धरून थांबवलं.

"ठेव तो. आपल्या घरात पोरी बैल नाही नेत."

पोर ऐकेना, पाय आपटायला लागली. रेणू हसली. "खोटं वाटते तर विचार मामी-आजीले."

सगळं घर तिथे होतं. एकच वाक्य बोलायचं होतं. नणंद नव्हती, बक्षीस नव्हतं, सौरभ तर आता स्वतः बाप होईल. मग कशाची भीती होती? माझ्या नावाची? त्या "वहिनीनं करावं" ची? आत्ता लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटतेय.

पोर माझ्याकडे बघत होती.

"हो वं बाई," मी म्हणाले, "नाही नेत."